खाडा कुणाच्या वहीत पडतो

अरे, तुझा मेसेज काल रात्री वाचला, "मॅडम आमच्या सेंटरला एलएफयू एवढे कसे, कुठून सुरुवात करू" म्हणून. म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या तुमच्या एआरटी सेंटरला यायचे थांबलेले, पाठपुराव्यातून सुटलेले पेशंट. व्हॉइस नोट करायला घेतली होती पण मधे कुकरच्या शिट्ट्या, म्हणून लिहूनच पाठवतेय.

पहिलं म्हणजे यादी हातात आली की लगेच फोन करत सुटू नकोस, आधी यादीच तपास. त्यातले कितीतरी जण औषधातून सुटलेले नसतात, आपल्या रजिस्टरमधून सुटलेले असतात. कुणी गावाजवळच्या लिंक सेंटरवरून गोळ्या नेतोय आणि तिकडची एन्ट्री चढलीच नाही, कुणी पुण्याला मुलाकडे गेला आणि तिथे नव्यानं नाव लावलं, कुणी वारलंय आणि घरच्यांना आपल्याला कळवायचं सुचलंही नाही. पेशंटचं व्हाईट कार्ड, म्हणजे आपल्याकडची त्याच्या उपचाराची नोंद, काढ, सोच या कॉम्प्युटर प्रणालीतली एन्ट्री शेजारी ठेव आणि शेवटच्या वेळी गोळ्या किती नेल्या ते बघ. टीएलडी, म्हणजे तीन औषधं एकत्र असलेली नेहमीची गोळी, तिची बाटली 30 गोळ्यांची, रोज एक. मागच्या वेळी माणूस आठ दिवस लवकर आला असेल तर तारीख उलटून गेली तरी त्याच्याकडे आठ गोळ्या आहेत. म्हणून तारखेपेक्षा गोळ्या कधी संपणार हा कॉलम धर, एक्सेलमध्ये स्वतः बनव, आणि फोन त्याच्या दोन-तीन दिवस आधी जाऊ दे. नंतर सगळेच करतात.

मग सॉर्ट कर. औषध सुरू होऊन किती महिने झाले त्यानं लावलंस तर दिसेल की नवीनच जास्त सुटतात. एप्रिल 2004 मध्ये फुकट एआरटी सुरू झालं तेव्हा बहुतेकांना सीडी4, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारपेशी, 200 च्या खाली गेल्यावरच गोळ्या मिळायच्या, माणूस मरणाच्या दारातून यायचा, महिनाभरात उठून बसायचा, त्याला गोळीचं महत्त्व सांगावं लागत नव्हतं. 2017 पासून टेस्ट अँड ट्रीट आहे, रिपोर्ट आला की औषध चालू, आणि ते बरोबरच आहे, पण आता येणारा धडधाकट असतो. "मला काही होतच नाही तर गोळी कशाला" हे तू शंभरदा ऐकशील. अशांना पहिले सहा महिने, म्हणजे पहिला व्हायरल लोड, रक्तातल्या विषाणूंची मोजणी, होईपर्यंत, वेगळ्या रंगात ठेव.

आणि महिन्यानं सॉर्ट करायला विसरू नकोस, मला हे कळायला दोन वर्षं लागली. दर वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरला आमची मिसची, म्हणजे तारीख चुकलेल्यांची, यादी फुगायची, आम्ही म्हणायचो लोक निष्काळजी. एकदा तालुका आणि महिना शेजारी शेजारी लावले तर सगळे गेवराई, धारूर, वडवणी. ऊसतोड! दसरा झाला की नवरा-बायको टोळीबरोबर सांगली-कोल्हापूरला नाहीतर थेट कर्नाटकात, ते परत येणार मार्च-एप्रिलला. त्यातली एक बाई मला म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडं आले की मुकादमाच्या वहीत खाडा पडतो, त्याचे पैसे कापतो त्यो." आमच्या वहीतला खाडा टाळायला तिनं तिकडे खाडा पाडायचा, आणि आम्ही तिलाच बोलायचो! पुढच्या वर्षी गणपती उठले की आम्ही त्या तालुक्यांची यादी काढायला लागलो, ज्यांचा व्हायरल लोड दबलेला आहे त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या, बाकीच्यांची जिकडे कारखाना तिकडच्या सेंटरशी आधीच बोलणी, आणि ग्रीन बुक, म्हणजे पेशंटकडची उपचाराची वही, पिशवीत टाकलं का ते समोर बघायचं. यादी फुगायची थांबली असं नाही, पण खूप उतरली.

आता फोनचं, इथे माझी स्वतःची चूक सांगते. नवीन होते, घाई होती, नंबर लावला आणि पलीकडून हॅलो आल्याबरोबर "एआरटी सेंटरमधून बोलतेय" म्हणाले. फोन दिराकडे होता. पुढे त्या बाईचं घरात ताट-तांब्या वेगळं झालं. ती परत आली, दुसऱ्या सेंटरला, माझ्याकडे नाही. म्हणून फोनवर आजाराचं, सेंटरचं नावच घ्यायचं नाही, आधी ती स्वतःच बोलतेय याची खात्री, मग "दवाखान्यातून बोलतेय, तुमची तारीख आहे", बास. नंबर कुणाचा, किती वाजता करायचा, घरी आउटरीच वर्कर आलेला चालेल का, हे पहिल्याच दिवशी विचारून लिहून घे. आणि लाईन लिस्टचा, म्हणजे पेशंटच्या नावांच्या यादीचा, फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा नाही, साहेबांनी मागितला तरी नाही. 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, कुणाचं स्टेटस बाहेर सांगायला त्याची लेखी संमती लागते, हे साहेबांना नम्रपणे सांग, माझं नाव घेतलंस तरी चालेल.

महिनाअखेरीला रिपोर्टच्या आधी कुणीतरी हळूच म्हणेल, "चार-पाच ट्रान्सफर आउट दाखव की," म्हणजे दुसऱ्या सेंटरला गेले म्हणून. दाखवू नकोस. तिकडच्या सेंटरनं नाव लावल्याचं कळवल्याशिवाय ट्रान्सफर आउट टाकलंस की तो माणूस कुणाच्याच यादीत राहत नाही, मग त्याला शोधणार कोण?

कारणाचा कॉलम आहे ना तुझ्या शीटमध्ये? त्यात "पेशंट निष्काळजी" लिहिलेलं जेवढं असेल तेवढं खोडून परत विचार. एसटीला बायकांना अर्धं तिकीट झालं तरी दिवसाची मजुरी बुडतेच, कुणाला ओपीडीची वेळ जमत नाही, कुणाला आपल्यातलंच कुणीतरी वाट्टेल तसं बोललेलं असतं. हे शेवटचं लिहायला हात अडखळतो, तरी लिही.

आणि हो, गणपती तोंडावर आलेत. तालुक्याचा फिल्टर आजच लाव, नंबर बंद असलेले किती निघतात ते संध्याकाळी कळव.