आधी रोप, मग लॅपटॉप

प्रश्न : बॉटनीत एमएस्सी झालंय, आता पीएचडीला लागलेय, विषय वनस्पतींमधलं जीन रेग्युलेशन, म्हणजे कुठला जीन कधी आणि किती चालतो ते. सगळे म्हणतात बायोइन्फर्मॅटिक्स, म्हणजे असला डेटा कॉम्प्युटरवर तपासणं, आलंच पाहिजे, पण कोडिंगचे ऑनलाइन कोर्स मी तीनदा सुरू करून तीनदा सोडलेत. मला जमेल का?

उत्तर : जमेल हो, न जमायला काय झालं. कोर्स सुटतात कारण त्यातला डेटा परका असतो, त्यातून काय निघतं याचं आपल्याला काही सोयरसुतक नसतं. त्यापेक्षा तुमच्या विषयातला एखादा छापून आलेला पेपर घ्या, कच्चा डेटा बहुतेक वेळा एनसीबीआय या अमेरिकी सरकारी संस्थेच्या एसआरए नावाच्या ऑनलाइन साठ्यात फुकट पडलेला असतो, तो उतरवा आणि पेपरातली फक्त एक आकृती स्वतः काढून बघा. उत्तर आधीच माहीत असल्यामुळे चुकलात की लगेच कळतं. पहिला आठवडा नुसता सॉफ्टवेअर इन्स्टॉल करण्यात जाईल, तो सगळ्यांचाच जातो.

आणि कोडच्या आधी कागद-पेन घ्या. जी-बॉक्स नावाची डीएनएवर सहा अक्षरांची खूण असते, सीएसीजीटीजी, तिच्यावर काही ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, म्हणजे जीन चालू-बंद करणारी प्रोटीनं, येऊन बसतात. डीएनएच्या ए, सी, जी, टी या चार अक्षरांपासून सहा अक्षरी शब्द होतात ४०९६, म्हणजे यातला कुठलाही शब्द सरासरी दर ४०९६ अक्षरांत एकदा निव्वळ योगायोगानं येणार. आता अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या छोट्या रोपामध्ये प्रोटीन बनवणारे जीन साधारण २७,०००, प्रत्येकाच्या सुरुवातीच्या अलीकडची हजार अक्षरं प्रमोटर, म्हणजे जीनचं स्विच असलेला भाग, म्हणून धरली तर झाली २ कोटी ७० लाख, त्याला ४०९६ ने भागा, साडेसहा हजार! चारही अक्षरं सारख्या प्रमाणात नसतात म्हणून खरा आकडा खाली येतो, पण तरी हजारांतच राहतो. तेव्हा ‘माझ्या जीनसमोर जी-बॉक्स सापडला’ म्हणून नाचण्याआधी, योगायोगानं किती सापडले असते ते मोजा. हा हिशोब ज्याला सुचतो त्याला कोड शिकवणं सोपं असतं, उलटं फार अवघड.

प्रश्न : मी गाईड आहे, हाताखाली तीन मुलं. प्रयोग आम्ही करतो, कुठला जीन किती चालू आहे ते मोजणाऱ्या आरएनए सीक्वेन्सिंगचा डेटा विश्लेषणाला बाहेर देतो. या वेळी पाण्याचा ताण दिलेली रोपं आणि कंट्रोल, म्हणजे ताण न दिलेली, यांच्यात चार हजार जीन बदललेले दिसले, सगळे खूश. दुसऱ्या मुलानं तोच प्रयोग परत केला तर निम्मे गायब. विश्लेषण चुकलं का?

उत्तर : विश्लेषणाकडे नंतर बघू, आधी वही काढा आणि पानं कापली किती वाजता ते बघा. कंट्रोलची सकाळी आणि ट्रीटमेंटची जेवण करून आल्यावर, असं तर नाही ना झालं? कारण अरॅबिडॉप्सिसमध्ये सुमारे एक तृतीयांश जीन रोपाच्या आतल्या घड्याळाप्रमाणे वरखाली होतात, मग तुम्ही मोजला तो पाण्याचा ताण की दुपार? आणि कापायच्या आधी रोपं उचलून-हाताळून कोणी फोटो काढत बसलं होतं का तेही विचारा, नुसत्या स्पर्शानं १० ते ३० मिनिटांत काही जीन जोरात चालू होतात, हे १९९० पासून माहीत आहे.

गोम अशी की वेळ आणि ट्रीटमेंट एकदा अशी एकात एक मिसळली की जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर ती वेगळी करू शकत नाही. बाहेरच्या माणसाला यातलं काहीच कळत नाही हो, त्याच्यासमोर फक्त ‘सी१, सी२, सी३’ असतं. (त्यातही सी१ ते सी३ ही एकाच रोपाची तीन पानं असतील तर त्यांना तीन रेप्लिकेट, म्हणजे तीन स्वतंत्र नमुने, म्हणू नका, ते एकच रोप आहे.) माझं स्पष्ट मत, डेटा बाहेर देणं बंद करा. एका मुलाला विश्लेषण शिकवा, पण सॅम्पल घेताना लिक्विड नायट्रोजनच्या डब्याशेजारी वही घेऊन त्यालाच उभं करा, आणि कुंड्यांची जागा, ट्रे, वेळ सगळं लिहायला लावा.

प्रश्न : कोडिंगसाठी आर शिकू की पायथन?

उत्तर : शेजारी बसणाऱ्याला जे येतं ते, अडल्यावर विचारता येतं. फक्त जीनची यादी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. माणसाच्या मार्च१, सेप्ट१ अशा जीनच्या नावांच्या ते गुपचूप तारखा करून टाकायचं, शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं जीनचीच नावं बदलली!

प्रश्न : पोट भरतं मका-गव्हावर, मग मुलांना अरॅबिडॉप्सिसवर का शिकवायचं?

उत्तर : कारण त्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, साधारण १३.५ कोटी अक्षरांचा, साध्या लॅपटॉपवरही हाताळता येतो. गव्हाचा त्याच्या शंभरपटीहून मोठा, वर जवळपास सारख्या दिसणाऱ्या तीन प्रती, नवखं पोर गांगरून जातं. पण एकदा हात बसला की मक्याकडे नक्की न्या. मक्याचा जंगली पूर्वज टिओसिंटे, त्याला फांद्याच फांद्या, आणि मका सरळ एका खोडाचा. यामागे फांद्या दाबणाऱ्या टीबी१ नावाच्या जीनचा मोठा हात आहे, त्याच्या अलीकडे एक उडता जीन, म्हणजे डीएनएत जागा बदलणारा तुकडा, येऊन बसला आणि टीबी१ जास्त चालायला लागला. उडते जीन बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी शोधले तेही मक्यातच, त्याचं नोबेल मिळालं १९८३ मध्ये. तर हा पाहुणा टीबी१ पासून बसलाय किती लांब, सुमारे ६०,००० अक्षरं! वर पहिल्या उत्तरात मी प्रमोटर म्हणून धरली होती हजार.