गफॉ म्हणजे नेमकं कसलं हसणं?

प्रश्न: मी एक इंग्रजी कथा मराठीत आणतेय. त्यात नातू आजोबांना सांगतो की मी मोठा झाल्यावर लग्नच करणार नाही, त्यावर आजोबा 'guffaw' करतात. डिक्शनरीत अर्थ सापडला अट्टहास, म्हणून मी लिहिलं, 'आजोबांनी अट्टहास केला.' मैत्रिणीने वाचलं आणि विचारलं, कशाचा अट्टहास, लग्नाचा का? आता काय लिहू? आणि हो, इतके दिवस मी हा शब्द मनातल्या मनात गुफाव असाच वाचत आलेय, ते चुकीचं आहे का?

उत्तर: तुमच्या मैत्रिणीला आधी थँक्यू म्हणा, कारण तिने बरोबर जागी बोट ठेवलंय. अट्टहास म्हणजे मुळात मोठ्याने हसणंच, डिक्शनरी खोटं बोलत नाहीये, पण आपण बोलताना तो शब्द हट्टासाठीच वापरतो, 'कशाला एवढा अट्टहास' वगैरे. हसण्याच्या अर्थाने तो उरलाय तो राक्षसांपुरता, आणि तुमचे आजोबा तर चांगले प्रेमळ दिसतायत.

उच्चाराचं म्हणाल तर गुफाव नाही, गफॉ. शेवटचा डब्ल्यू नुसता दाखवायला आहे, आणि जोर बहुतेक करून दुसऱ्या अक्षरावर येतो. एकदा मोठ्याने म्हणून बघा, म्हणजे अर्थ आपोआप कळेल: 'ग'ला घसा क्षणभर बंद होतो, 'फ'ला ओठ-दातांच्या फटीतून हवा सुटते आणि 'ऑ'ला तोंड सताड उघडतं. दाबून ठेवलेलं हसू फुटतं तेव्हा अगदी हेच होतं ना? शब्द आवाजावरूनच बनलाय, आपल्या 'खो खो'सारखा. मूळचा स्कॉटलंडकडचा, लिखाणात दिसायला लागला १७२०च्या आसपास.

आता खरा मुद्दा. गफॉ हा बहुतेक वेळा एकच बार असतो, बराच वेळ चालणारं हसणं नाही. समजा मीटिंगमध्ये साहेब गंभीर चेहऱ्याने म्हणाले की या वेळी काम वेळेच्या आधी संपणार, सगळे माना खाली घालून बसलेत आणि मागच्या खुर्चीतून एकाचा 'हॅऽऽ' असा आवाज निघतो, लगेच तो खोकल्याचं नाटक करतो पण तोपर्यंत उशीर झालेला असतो, तर तो गफॉ. म्हणून इंग्रजीत 'लेट आउट अ गफॉ' म्हणतात, म्हणजे तोंडातून सुटला. क्रियापद म्हणूनही चालतो, भूतकाळात गफॉड, पण ज्याला हसलात त्याच्या आधी 'ॲट' लागतो, थेट 'ही गफॉड मी' लिहू नका.

आणि एक बारीक छटा आहे जी डिक्शनरीच्या एका ओळीत मावत नाही. गफॉ जरा रांगडा असतो, त्यात बऱ्याचदा 'काहीतरीच काय' असा सूर असतो. एखाद्याची कल्पना ऐकून लोक गफॉ करतात म्हणजे ती हसण्यावारी नेतात. याच्यावरून आठवलं, नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितलेत, स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित, पहिले दोन उत्तम पात्रांना, मधले दोन मध्यमांना आणि शेवटचे दोन अधमांना. अतिहसितात डोळ्यांत पाणी येतं, आवाज चढतो, हात बरगड्यांवर जातात. गफॉला बसवायचं तर याच शेवटच्या रांगेत, पण म्हणून आजोबांना अधम म्हणायची गरज नाही, मला तर ते स्मितवाल्यांपेक्षा जास्त आवडले असते.

बाकी हसण्याचे इंग्रजी शब्द यात मिसळू नका. गिगल म्हणजे खुदुखुदु किंवा फिदीफिदी, चकल म्हणजे गालातल्या गालात, स्निगर म्हणजे कुणाची तरी फजिती बघून दाबून हसणं. चॉर्टल तर लुइस कॅरलने १८७१ साली ॲलिसच्या दुसऱ्या पुस्तकात चकल आणि स्नॉर्ट मिसळून बनवला, खुशीत घशातल्या घशात घुरघुरत हसण्यासाठी. गफॉ यातला कुठलाच नाही.

मराठीत त्याला एकास एक शब्द शोधत बसू नका असं मी म्हणेन. 'खदाखदा हसले' लिहिलं तर हसणं लांबतं, 'हशा पिकला'ला चार माणसं लागतात, 'सातमजली हास्य' चालेल पण ते जरा भाषणातलं वाटतं. सोपं लिहा: 'आजोबांना एकदम जोरात हसू फुटलं.' किंवा नातवाला बोलू दे आणि पुढच्या ओळीत नुसतं '"हॅऽऽ!" आजोबा मोठ्यांदा हसले' एवढंच ठेवा. मी असतो तर दुसरं घेतलं असतं, मैत्रिणीला दोन्ही वाचून दाखवा, ती कशाला हसते ते बघा.