वाचकांचे प्रश्न : ट्रंकेतला गॅस मास्क

प्रश्न : आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत, जुन्या सातबाऱ्याच्या कागदांखाली, खाकी कॅनव्हासची एक पिशवी सापडली. पिशवीत गॅस मास्क आहे. त्याच्या चेहऱ्याच्या भागावर खाकी विणलेले कापड चढवलेले आहे आणि खालची घड्यांची रबरी नळी एका पत्र्याच्या डब्याला जोडलेली आहे. आजोबा फौजेत नव्हते. लढाई संपल्यावर मिलिटरीच्या लिलावातून त्यांनी तो आणला, असे घरात सांगतात. हा पहिल्या महायुद्धातला असेल का? तो स्वच्छ कसा करावा? मुलाच्या शाळेतील प्रदर्शनात तो घालून दाखवता येईल का? – एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. तो मास्क कोणीही, एका मिनिटासाठीही, चेहऱ्यावर चढवू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ब्रिटिश सैनिकी मास्कच्या डब्यात विषारी वायू शोषणारा कोळसा असे आणि त्याच्या जोडीला, धुराचे बारीक कण अडवण्यासाठी, अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेला गाळणीचा थर असे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे हे डबे भरणाऱ्या कामगार स्त्रियांपैकी अनेकींना पुढे मेसोथेलिओमा हा फुप्फुसांच्या आवरणाचा कर्करोग झाला, आणि तेथील निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसचा व या रोगाचा संबंध वैद्यकीय अभ्यासांत नोंदला गेलेला आहे. इतिहासाच्या तासाला मुलांना जुने मास्क घालायला देऊ नयेत, अशी सूचना २०१४ साली ब्रिटनमधील शाळांनाही दिली गेली. आपल्या डब्यातली गाळणी तर ऐंशी वर्षे उन्हाळे सोसून ठिसूळ झालेली असणार, आणि श्वास आत ओढला की तिची धूळ सरळ नळीतून वर येणार.

म्हणून डबा हलवून आत काही खुळखुळते का ते पाहू नये आणि तो उघडूही नये. डब्याच्या तळाशी हवा आत घेण्याचे भोक असते, त्यावर चिकटपट्टी लावावी. मग नळी न सोडवता डबा जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांमध्ये बांधून ‘अ‍ॅस्बेस्टॉस, उघडू नये’ अशी चिठ्ठी लावावी. प्रदर्शनात मास्क काचेच्या बंद पेटीत ठेवावा; मुलांना तेवढे पुरेसे आहे.

आता काळाविषयी. विषारी वायू हे शस्त्र म्हणून पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरला गेला तो २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधील ईप्र येथे जर्मनांनी क्लोरीन सोडला तेव्हा. आणि चारच दिवसांनी आपल्याकडील लाहोर डिव्हिजन त्याच आघाडीवर हल्ल्याला उतरली होती. तेव्हा सैनिकांजवळ नाकातोंडावर धरायच्या ओल्या कापडापलीकडे फारसे काही नव्हते. नंतर रसायनात भिजवलेल्या फ्लॅनेलच्या टोप्या आल्या, आणि १९१६ मध्ये नळी व डबा असलेला मास्क आला. नळी व डबा पाहून पुष्कळ जण आपला मास्क त्याच काळातला समजतात. त्याची परीक्षा सोपी आहे. १९१६ च्या मास्कमध्ये आत दातांत धरायची रबरी तोटी आणि नाक दाबून धरणारा चिमटा असतो, कारण त्या वेळी चेहऱ्याच्या कडेने हवा आत शिरणार नाही याची खात्री देता येत नव्हती. आपण पिशवीतून न काढता टॉर्चच्या उजेडात आत पाहावे. तोटी आणि चिमटा नसेल, तर आपण केलेले वर्णन दुसऱ्या महायुद्धातील नळीच्या मास्कला तंतोतंत लागू पडते. १९४३ नंतर ब्रिटिशांनी नळी काढून टाकली आणि डबा थेट गालाजवळ बसवला. लिलावाची आठवणही याच्याशी जुळते, कारण लढाईनंतर ‘डिस्पोजलचा माल’ म्हणून अशा वस्तू गावोगाव पोहोचल्या होत्या.

पिशवीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला शाईचा शिक्का शोधावा. कावळ्याच्या पायासारखा तीन रेघांचा बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण आहे, आणि त्याच्याबरोबर रोमन ‘आय’ असेल तर माल हिंदुस्थानात बनलेला असतो. संग्राहकाच्या दृष्टीने या मास्कचा खरा ऐवज म्हणजे हा शिक्का. कोपऱ्यात एखादी लहान गोल पत्र्याची डबी असेल, तर काचेवर वाफ धरू नये म्हणून लावायचे मलम तिच्यात असते. तीही न उघडता तशीच ठेवावी.

स्वच्छतेच्या नावाखाली लोक जे करतात, ते मीही करून बसलो आहे. विशीत असताना माझ्याकडे आलेल्या एका मास्कचे रबर कडक झाले होते, म्हणून मी त्याला चांगले चोळून खोबरेल तेल लावले. दोन दिवस तो तुकतुकीत दिसला; पुढच्या मे महिन्यात तो गुळाच्या ढेपेसारखा चिकट झाला आणि ज्या वर्तमानपत्रावर ठेवला होता त्याची अक्षरे त्याच्या गालावर उमटली. तेल, पेट्रोल, बुटाचे पॉलिश यांपैकी काहीही जुन्या रबराला लावू नये. धूळ कोरड्या कुंचल्याने झटकू नये, कारण तीत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. किंचित ओलसर सुती कापडाने ती टिपून घ्यावी आणि ते कापड पिशवीत बांधून टाकून द्यावे. गाद्यांसारखे मास्कला ऊन दाखवणे हाही घात आहे. आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यांत जी भट्टी पेटते, तिच्यात रबर टिकत नाही. आणि कूलरच्या दमट झोतात डब्याला गंज चढतो. जाड भिंतींच्या, अंधाऱ्या खोलीत, जमिनीपासून थोडे वर, आत धुतलेल्या जुन्या धोतराचा बोळा सैलसर भरून मास्क ठेवावा, म्हणजे त्याला घडी पडणार नाही.

प्रश्न : ‘दुसऱ्या महायुद्धातील जर्मन मास्क’ म्हणून मी एक मास्क ऑनलाइन घेतला. तो राखाडी रबराचा, डोक्यावर टोपीसारखा ओढायचा आहे. त्याला पट्टे नाहीत आणि दोन गोल काचा आहेत. फसलो का? – एक वाचक, जालना

उत्तर : होय. आपण वर्णन केलेला मास्क म्हणजे सोव्हिएत संघाचा जीपी-५. त्याचे उत्पादन १९६० च्या दशकात सुरू झाले आणि तो सैनिकांसाठी नव्हे, तर नागरी संरक्षणासाठी होता. तो इतक्या प्रचंड संख्येने बनवला गेला की १९९१ नंतर त्याचा शिल्लक साठा जगभर स्वस्तात विकला गेला. जर्मन मास्क डोक्यामागे पट्ट्यांनी बांधायचा असे आणि उंच, पन्हाळीदार पत्र्याच्या नळकांड्यात ठेवलेला असे. आपला मास्क संग्रहात जरूर ठेवा, पण चिठ्ठीवर खरे नाव लिहा. त्याचीही गाळणी बंदच ठेवावी.

प्रश्न : असे मास्क जवळ ठेवायला परवानगी लागते का? – एक वाचक, नांदेड

उत्तर : पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७२ चा आहे, आणि ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांची झाली की ती या कायद्याच्या व्याख्येत येऊ शकते. म्हणजे १९१६ चा मास्क आज त्या व्याख्येत बसू शकतो, १९४० चा बसत नाही. ‘अँटिक’ हा शब्द दुकानदार दोन्हींसाठी सारखाच वापरतात, एवढेच. नोंदणीची सक्ती सरकारने अधिसूचित केलेल्या ठरावीक प्रकारांनाच असते. मात्र शंभरी ओलांडलेली वस्तू परदेशातील ग्राहकाला पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. एखादा मास्क अदलाबदलीत द्यायचा असेल, तर शिक्क्यावरील साल पाहूनच व्यवहार ठरवावा.