असईसाठी धातूचे शिपाई: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या खेपेची बहुतेक पत्रे एकाच लढाईबद्दल आहेत: २३ सप्टेंबर १८०३, असई, आजचा जालना जिल्हा. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेसमोर शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज उभी होती. ही लढाई छोट्या धातूच्या आकृत्यांनी टेबलावर खेळायला मांडणाऱ्यांना मराठ्यांच्या बाजूचे शिपाई बहुधा दुसऱ्याच कुठल्या फौजेच्या आकृत्यांतून घडवावे लागतात. खालची मापे २८ मिमीच्या ओतीव आकृत्यांसाठी आहेत.

प्रश्न (नाशिक): माझ्याकडे सतराव्या शतकातले मुघल घोडेस्वार आहेत. त्यांचे मराठा स्वार करायचे आहेत. दोन डोकी बदलून पाहिली, पण फेविक्विकने चिकटवलेली डोकी हात लागताच निखळतात. पागोटे तर जमतच नाही.

उत्तर: डोकी निखळणारच. फेविक्विक ओढ सहन करते, पण बाजूने बसलेला धक्का तिला सोसत नाही, आणि खेळताना आकृती नेमकी बाजूनेच धक्के खाते. मानेत तार हवीच.

आधी आकृती साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या दातब्रशने घासा. साच्यातून सुटावी म्हणून लावलेली भुकटी अंगावर राहिली तर ना गोंद धरतो, ना रंग. मान सोनारकामाच्या करवतीने, बारीक दात्यांच्या पात्याने कापा. कापायची जागा हनुवटीखाली नाही, अंगरख्याच्या गळ्याच्या काठाला लागून. तिथला सांधा कापडाच्या कडेत लपतो. पक्कडीने डोके तोडू नका. मान चेपते आणि तिचा गोल पुन्हा येत नाही.

मग सुईने मधोमध खळगा पाडा. तो नसेल तर ड्रिलचे टोक हमखास घसरते. हातड्रिलमध्ये ०.८ मिमीचे पाते लावून धडात ३ मिमी आणि डोक्यात २ मिमी भोक पाडा. दर दोन फेऱ्यांनंतर पाते बाहेर काढून झटका आणि त्याला साबणाच्या वडीवर घासा. ही धातू मऊ असल्याने पात्याच्या खाचांत भरून बसते, आणि भरलेले पाते आतच मोडते. मोडलेले पाते निघत नाही, शेजारी नवे भोक पाडावे लागते. दोन्ही भोके समोरासमोर येण्यासाठी धडातल्या भोकाच्या कडेला ओल्या रंगाचा ठिपका द्या, डोके त्यावर टेकवा आणि जिथे ठसा उमटेल तिथे ड्रिल करा. ०.७ किंवा ०.८ मिमीची पितळी तार कानसीने खरखरीत करून अरल्डाईटने बसवा आणि रात्रभर हात लावू नका. चिकटवण्याआधी डोके थोडे वळवून पाहा. एवढ्या वळणानेही एका साच्यातले आठ स्वार आठ वेगळी माणसे दिसू लागतात.

आता पागोटे. मुघल शिरस्त्राण भुवयांच्या वरपर्यंत कानसीने उतरवा, कान मात्र राखा. निळ्या-पिवळ्या पट्टीची हिरवी पुट्टी (ग्रीन स्टफ) वापरा; दोन रंग एकत्र मळले की ती हिरवी होते आणि हळूहळू कडक होते. पट्टीत दोन रंग जिथे भिडतात तिथला दीड-दोन मिमीचा भाग कापून टाका, कारण तो आधीच कडक झालेला असतो आणि मळल्यावर त्याचे खडे राहतात. पिवळा भाग किंचित जास्त घेतला तर पुट्टी मऊ आणि चिकट राहते, आणि कापडाच्या घड्यांना तेच हवे. निळा जास्त झाला तर ती ताठ होते. तलवारीच्या मुठीला, ढालीच्या काठाला ताठ पुट्टी बरी.

पागोटे एका बैठकीत करू नका. पहिल्या दिवशी डोक्यावर पुट्टीची पातळ टोपी बसवून ती पूर्ण कडक होऊ द्या. दुसऱ्या दिवशी ०.७ मिमी जाडीच्या वळ्या ओल्या काचेवर लाटा, दोन वळ्या एकमेकींना पिळा आणि टोपीभोवती तिरक्या गुंडाळा. ओल्या टोपीवर वळ्या दाबल्या तर दोन्ही थर एकत्र सरकतात आणि घड्यांचा गोळा होतो. हत्यार सतत पाण्याने ओले ठेवा. रुंदी ७ मिमीच्या पुढे नेऊ नका. डोके साडेचार मिमीचे असते, त्यावर याहून रुंद पागोटे भुईछत्रीसारखे दिसते. एम-सील इथे चालत नाही, बारीक घडीच्या कडा चुरतात. खोगीर आणि मांडी यांच्यातली फट भरायला मात्र ते उत्तम आणि स्वस्त.

धडावर फार मेहनत घेऊ नका. छातीवरचे चिलखताचे आरसे, म्हणजे पत्रे, कानसीने सपाट करा, पाठीवर गोल ढाल द्या, कमरेला पुट्टीची पट्टी गुंडाळून शेला करा. हौशी माणूस जाम्याच्या, म्हणजे लांब अंगरख्याच्या, बंदांपर्यंत पोहोचतो. मुघल काळातल्या रिवाजानुसार हिंदू ते डाव्या बगलेकडे बांधत आणि मुसलमान उजव्या. माहिती अचूक असली तरी दोन हातांवरून बंद दिसत नाहीत. दिसते ते डोके, हत्यार आणि बसण्याची ढब. वेळ तिथे द्या.

प्रश्न (पुणे): स्वारांचे ओतीव भाले पहिल्याच खेळात वाकले. सरळ केले तर तुटले.

उत्तर: ओतीव भाला ठेवूच नका. ही मिश्रधातू एकदा वाकते, उलट वाकवली की आतून तडकते. भाला मुठीच्या वर आणि खाली कापा, मुठीत आधी ०.५ मिमीचे आणि मग ०.९ मिमीचे भोक पाडा. मूठ जेमतेम तीन मिमीची असते. दोन्ही बाजूंनी निम्मे निम्मे भोक पाडून मध्ये भेटलात तरच ते तिरके जात नाही. मूठ फुटलीच तर तार तिथेच चिकटवून बोटांच्या चार वळ्या पुट्टीच्या करा.

लांबीचा हिशेब असा: १:५६ या प्रमाणात एक फूट म्हणजे सुमारे ५.४ मिमी, म्हणजे दहा फुटी भाला ५४ मिमीचा. तारेबाबत तुम्हाला निवड करावी लागेल. ०.८ मिमीच्या पितळी तारेचे टोक हातोडीने चपटे करून कानसीने पानाच्या आकाराचे पाते सुरेख होते, पण पितळ वाकते. पोलादी पियानो तार वाकत नाही, पण ती चपटीही होत नाही. तिचे पाते कागदाचे किंवा पुट्टीचे करावे लागते, आणि टोक बोटात शिरते. वारंवार खेळणाऱ्यांना आम्ही पितळ सुचवतो. पितळी भाला वाकला तर बोटाने सरळ होतो. पोलादी तार कापताना चष्मा लावा आणि कापले जाणारे टोक फडक्याखाली धरा.

प्रश्न (ठाणे): शिंद्यांचा युरोपी सेनानी पोहलमन याच्या कवायती पलटणींसाठी युरोपातले नेपोलियनकालीन शिपाई चालतील का?

उत्तर: चालतील, आणि चांगले चालतील. शिंदे यांच्या कवायती कंपूतले (ब्रिगेडमधले) तेलंगे, म्हणजे कवायती शिपाई, कंपनीच्या शिपायांच्या धर्तीवर शिकलेले होते: चकमकीची बंदूक, छातीवर आडवे पट्टे, पावलाला पाऊल जुळवून चाल. म्हणून संचलनाच्या पवित्र्यातले शिपाई निवडा, नेम धरणारे नकोत. डोके वरच्याच पद्धतीने बदला.

खरे काम पाठीवर आहे. युरोपी शिपायाची पाठपिशवी करवतीने कापली की तिथे सपाट पट्टा उरतो आणि पट्ट्यांची मागची फुली नाहीशी होते. पावडर लावलेल्या काचेवर पुट्टी पातळ लाटा, अर्धा तास थांबा आणि नव्या ब्लेडने एक मिमी रुंदीच्या पट्ट्या कापा. ताजी पुट्टी कापली तर पट्टी ताणून लांबते. फुली घालताना डाव्या खांद्यावरचा पट्टा उजव्या कमरेकडे काडतुसांच्या पेटीपर्यंत गेलाच पाहिजे. पेटी नसताना पट्टा कुठेतरी हवेत संपला, तर ती चूक लांबूनही खटकते. गुडघ्यापर्यंतच्या गेटरची (पायावरच्या कापडी आवरणाची) बटणे कानसीने उतरवा, पाय उघडे रंगवा.

गोऱ्या पलटणींनाही हात लावावा लागेल. त्या काळात हिंदुस्थानातले ब्रिटिश पायदळ सर्रास गोल काठाची हॅट वापरी. उंच नळकांडी टोपी एक तृतीयांश कापा, पुढचा बिल्ला घासा आणि पुट्टीच्या चकतीचा काठ लावा.

प्रश्न (संभाजीनगर): असईत मराठ्यांचे गोलंदाज मेल्याचे सोंग घेऊन पडले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्यांनी तोफा मागून चालवल्या, असे वाचले. टेबलावर हे कसे दाखवावे?

उत्तर: इंग्रजांच्या बाजूच्या वर्णनांत हा प्रसंग आहे आणि तो खेळात यायलाच हवा. प्रत्येक तोफेसाठी गोलंदाजांच्या दोन बैठका (आकृत्या उभ्या करायच्या पट्ट्या) करा, एक लढणारी आणि एक पडलेली. तोफ स्वतंत्र ठेवा, म्हणजे बैठक बदलता येते.

उभी आकृती आडवी ठेवली की ती पडलेला पुतळा दिसते, माणूस नाही. कंबर आणि एक गुडघा मोडावाच लागतो. ज्या बाजूला मोडायचे त्या बाजूला कानसीने इंग्रजी व्हीसारखी खाच करा: कमरेला पुढून, गुडघ्याला मागून. खोली जाडीच्या दोन तृतीयांश. मग अंगठ्याने सावकाश दाबून खाच मिटवा. खाचेशिवाय वाकवले तर बाहेरची बाजू ताणून फाटते. खाच असली की उरलेला पातळ भाग बिजागरीसारखा चालतो, पण एकदाच. मागेपुढे करून पाहू नका. आत गोंदाचा थेंब, बाहेर पुट्टीची घडी. पालथा माणूस सर्वांत सोपा: चेहरा झाकलेला, एक हात छातीखाली, म्हणजे तो कापून टाकला तरी चालतो. चार गोलंदाजांपैकी एकाचे डोके थोडे वर उचललेले ठेवा.

प्रश्न (रत्नागिरी): जुन्या आकृत्यांवरचा इनॅमल रंग कसा काढावा? आणि पावसाळ्यात प्रायमर पांढरट का होतो?

उत्तर: पाणी न घातलेल्या तपकिरी डेटॉलमध्ये आकृती २४ तास बुडवा, हातमोजे घालून ब्रशने घासा आणि पहिली धुलाई डेटॉलनेच करा. थेट पाण्याखाली धरली तर सुटलेल्या रंगाचा चिकट राळेसारखा थर बसतो. जुने सांधे आणि पुट्टी यात ढिली पडू शकतात, म्हणून आधी एकाच आकृतीवर पाहा.

पांढरटपणा हवेतल्या दमटपणाचा. फवारा उडताना थंड होतो आणि ओल धरतो. श्रावणात डबा कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवा, २० ते २५ सेंटीमीटरवरून हलके दोन थर द्या, किंवा सरळ ब्रशने प्रायमर लावा.

प्रश्न (मुंबई): घरातल्या जुन्या पेटीत पोकळ, वजनाला हलके, ५४ मिमीचे इंग्रजी शिपाई सापडले. त्यांचे मराठे करता येतील?

उत्तर: करू नका. तळाशी किंवा पोटाखाली 'ब्रिटन्स' असे नाव शोधा. लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने १८९३ मध्ये पोकळ ओतीव शिपाई आणले आणि १९६६ पर्यंत बनवले. मूळ रंग शाबूत असलेली आकृती घासली की तिचे मोल गेले. शिवाय हे शिसे आहे. कोरडी कानस चालवली तर भुकटी श्वासात जाते. मोडकी, रंग उडालेली आकृती सरावाला घेतलीच, तर ओली कानस, खाली वर्तमानपत्र, काम संपल्यावर साबणाने हात, आणि त्या टेबलावर चहा नाही. पेटीत पांढरी पूड दिसली तर शिसे कुजू लागले आहे. त्या आकृत्या वेगळ्या काढा आणि बाकीच्या ओकच्या लाकडी कपाटातून हलवा. त्या लाकडातून सुटणारे आम्ल शिसे खाते.