स्क्रीन मोठी की ट्रान्सड्यूसर चांगला?

प्रश्न : माझी १८ फुटी फायबर होडी आहे, मागे आउटबोर्ड इंजिन. मालवणबाहेर ५ ते २० वाव (एक वाव म्हणजे सुमारे १.८ मीटर) पाण्यात गरीने मासेमारी करतो. दुकानदार १२ इंची, साइड इमेजिंगवाला (होडीच्या दोन्ही बाजूंचं चित्र दाखवणारा) फिश फाइंडर, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून मासे आणि तळ पडद्यावर दाखवणारं यंत्र, सुचवतो. घ्यावा का?

उत्तर : नको. उन्हात स्पष्ट दिसणारी ७ इंची स्क्रीन पुरे. एकाच मॉडेलबरोबर वेगवेगळे ट्रान्सड्यूसर (पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारा भाग) मिळतात, तेव्हा आधी खोक्यात कोणता आहे ते विचारा. तुमच्या कामाला २०० किलोहर्ट्झच्या आसपासचा चर्प सोनार (एकाच फ्रिक्वेन्सीऐवजी फ्रिक्वेन्सींचा पट्टा वापरणारा) आणि जोडीला डाउन इमेजिंग (होडीच्या थेट खालचं बारीक चित्र) एवढं हवं. चर्पचा आवाज खाली शंकूसारखा पसरतो; तो शंकू २० अंशांचा धरला तर १० वाव खोलीवर तळाचा साधारण ६ मीटर रुंदीचा गोल दिसतो. कमी फ्रिक्वेन्सीला गोल मोठा होतो, पण तळाला चिकटून बसलेली तांबोशी तळातच मिसळून जाते.

साइड इमेजिंग ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झवर चालतं. खडप किंवा बुडालेलं जहाज शोधायला उत्तम, पण खाऱ्या पाण्यात एवढी उंच फ्रिक्वेन्सी लवकर विरते आणि लाटेवर होडी डुलली की चित्र वेडंवाकडं होतं. शांत पाण्यात, ताशी ५-६ किलोमीटरने सरळ रेषेत जाता येत असेल तरच त्याचे पैसे वसूल.

माशांची चित्रं दाखवणारी सोय पहिल्या दिवशीच बंद करा; तिला बुडबुडेही मासेच वाटतात. मासा शंकूतून जाताना पडद्यावर उमटणारी कमान वाचायला शिका. पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ताचा क्षण. होडी नांगरलेली असताना मासा खाली स्थिर राहिला तर कमान न उमटता सरळ रेघ येते, आणि रेघ लांब म्हणून मासा मोठा असं नव्हे. सोनारला माशाच्या अंगापेक्षा पोटातली हवेची पिशवी जास्त दिसते. घोळीचा बोत, म्हणजे ही पिशवी, मोठा, म्हणून ती ठळक उमटते. सुरमईला ही पिशवीच नसते. फिकट खूण आली म्हणून सोडून देऊ नका.

प्रश्न : वेग घेतला की तळ दिसेनासा होतो. मशीन बिघडलं का?

उत्तर : बहुधा नाही. ट्रान्सड्यूसरखालून बुडबुडे जात असणार. सोनारचा आवाज बुडबुड्यांतली हवा ओलांडून नीट पुढे जात नाही. ट्रान्सड्यूसर इंजिनच्या पंख्यापासून निदान ३८ सेंटिमीटर दूर बसवा. मागून पाहता पंखा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत असेल तर उजव्या बाजूला. फायबर होडीत तो बुडापेक्षा सुमारे ३ मिलिमीटर खाली, पाण्याला समांतर हवा. बुडावरच्या उंचवट्यामागे अजिबात नको. भोकांत मरीन सीलंट भरा.

इंजिन सुरू केल्यावर पडद्यावर ठिपके नाचत असतील तर कारण वेगळं. वीज थेट बॅटरीतून, स्वतंत्र फ्यूज लावून घ्या आणि ट्रान्सड्यूसरची केबल इंजिनच्या वायरींपासून लांब ठेवा. जास्तीची केबल कापू नका, सैल गुंडाळून बांधा.