नाताळ, नातं आणि महास्फोट

सोलापूरच्या एका विज्ञानशिक्षकांनी विचारलं आहे : "नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी विश्वाच्या जन्मावर व्याख्यान ठेवलंय. पत्रकात 'नाताळ' लिहिलं आणि शिक्षकांच्या खोलीत वाद पेटला. एक बाई म्हणाल्या, हा 'नातं'वरून आलेला अस्सल मराठी शब्द. एक सर म्हणाले, शब्द कुठलाही असो, सण मुळात पेगन, म्हणजे मूर्तिपूजकांचा. 'पेगन'ला हाच प्रतिशब्द आहे का? आणि 'बिग बँग'ला महास्फोट म्हणावं का? मुलांना बॉम्बच आठवतो."

बाईंचं म्हणणं चूक आहे, पण अशी चूक क्वचितच सापडते.

नाताळ आपल्याकडे आला पोर्तुगिजांच्या गलबतांतून. पाव, पगार, बटाटा, चावी, पाद्री यांच्या बरोबरीनं. त्यांच्याकडे ख्रिस्तजन्माच्या सणाला 'नताल' म्हणतात. आपल्या जिभेवर शेवटच्या लचा ळ झाला. वास्को द गामा 1497 च्या नाताळात आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्याजवळून चालला होता, त्यालाही त्यानं हेच नाव दिलं. गांधीजींनी जिथे वकिली केली ते नाताळ हेच. 'ख्रिसमस' मागाहून इंग्रजांबरोबर आला. त्यातला 'मस' म्हणजे मिस्सा, चर्चमधली सामूहिक उपासना.

'नताल'च्या मागे लॅटिन 'नातालिस', म्हणजे जन्माचा. त्याच्याही मागे 'नातुस', जन्मलेला. जुन्या लॅटिनमध्ये तो 'ग्नातुस' होता. हा 'ग्न' आणि संस्कृतातला 'जन्' धातू एकाच मुळाचे. जन्म, जात, जननी हे सगळे तिथलेच. आता गंमत बघा. 'ज्ञाति' म्हणजे भाऊबंद. हा शब्द दिसतो 'ज्ञा', जाणणे, या धातूचा; पण भाषेचे अभ्यासक त्याला 'जन्'कडे नेऊन बसवतात. प्राकृतातून उतरताना त्याच्या 'ज्ञ'चा न झाला आणि त्याच कुळात मराठी 'नातं' जन्मलं. म्हणजे नाताळ नात्यातून निघालेला नाही, पण काही हजार वर्षं मागे गेलं तर दोघांचं घराणं एक. बाईंना एवढं जरूर कळवा.

आता सरांचा मुद्दा. 'नातालिस' हा शब्द रोमन लोक सढळ हातानं वापरत. माणसाचा वाढदिवस, देवळाच्या स्थापनेचा दिवस, खुद्द रोम शहराचा 21 एप्रिल, सगळे नातालिसच. ख्रिस्ती मंडळींनी तर हुतात्म्याच्या मृत्युदिनालाही तेच नाव दिलं, कारण तो त्याचा स्वर्गातला जन्म. 354 सालच्या एका रोमन पंचांगात 25 डिसेंबरपुढे मोजकीच अक्षरं आहेत : आधी नुसतं 'एन', मग 'इन्व्हिक्ती', मग रथांच्या शर्यतींचा आकडा, 30. 'एन' म्हणजे नातालिस, 'इन्व्हिक्ती' म्हणजे अजिंक्याचा. हा अजिंक्य बहुधा सूर्यच, कारण सम्राट ऑरेलियननं 274 मध्ये रोममध्ये 'अजिंक्य सूर्या'चं देऊळ उभारलं होतं. आणि त्याच बाडात दुसऱ्या एका यादीत ख्रिस्ताचा बेथलेहेममधला जन्म नोंदलाय, तारीख तीच. कुणी कुणाची तारीख उचलली, हे त्या एका अक्षरावरून ठरत नाही आणि अभ्यासकांचं यावर अजून एकमत नाही.

तारीख सूर्याची नव्हे, ख्रिस्ती हिशेबातूनच आली, ही दुसरी बाजूही तगडी आहे. 25 मार्चला, वसंतसंपाताच्या सुमारास, मरियेला गर्भ राहिला असं धरून नऊ महिने पुढे मोजले की 25 डिसेंबर येतो. शिवाय जगाची निर्मितीही त्याच 25 मार्चची, असं तेव्हाचे काही ख्रिस्ती कालगणक मानत. 243 सालच्या एका लॅटिन ग्रंथात तर असा हिशेब आहे : जग 25 मार्चला झालं, सूर्य चौथ्या दिवशी झाला, म्हणून ख्रिस्ताचा जन्मही 28 मार्चचा! ब्रह्मदेवानं सृष्टी पाडव्याला निर्माण केली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. दोन्हीकडे जग सुरू होतं ते वसंतात. तुमचं व्याख्यान इथूनच उघडा, पोरं जागची हलणार नाहीत.

सूर्याचा संबंध मी नाकारत नाही. पण सोलापूरकराला तो आतून कळणं कठीण. रोममध्ये वर्षातला सगळ्यांत लहान दिवस जेमतेम नऊ तासांचा, आपल्याकडे अकरा तासांचा. सूर्यानं परत यावं म्हणून इथे कुणी नवस बोलत नाही. एप्रिलमध्ये उलटा बोलतात. आपली संक्रांतही मूळची उत्तरायणाचीच. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच सुमारास येत. आता उत्तरायण 21-22 डिसेंबरला सुरू होतं, आणि संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेतले आपले नंदीध्वज निघतात ते जानेवारीत.

'पेगन'ला मूर्तिपूजक म्हणू नका. लॅटिन 'पागानुस' म्हणजे खेड्यातला माणूस. 'पागुस' म्हणजे गावाकडचा मुलूख. मूर्तीचा त्यात मागमूस नाही. शिवाय मराठीत तो शब्द वाचणाऱ्याच्या देवघरावरच जाऊन आदळतो. 'प्राचीन रोमन धर्माचे लोक' हे लांबलचक आहे, पण नेमकं आहे. नाहीतर सरळ 'पेगन' लिहा. आणि सरांना हेही सांगा, की 'सण पेगन आहे' अशी सगळ्यांत मोठी ओरड ख्रिस्ती लोकांनीच केली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन या कर्मठ ख्रिस्ती पंथानं 1659 मध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला 5 शिलिंग दंड लावला, तो 1681 पर्यंत टिकला. पुढे सोलापुरात काम करणारं अमेरिकन मराठी मिशन आलं ते याच मॅसॅच्युसेट्समधल्या बॉस्टनकडच्या पंथपरंपरेतून!

राहिला महास्फोट. 'बिग बँग' हे नाव ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी 1949 मध्ये बीबीसी रेडिओवरच्या भाषणात वापरलं, आणि ते स्वतः या सिद्धान्ताचे विरोधक. आपले जयंत नारळीकर त्यांचेच विद्यार्थी. विश्व एका 'आद्य अणू'तून पसरलं, हा विचार 1931 मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र मात्र कॅथलिक पाद्री. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धान्तात निर्मात्याची साक्ष पाहिली, तेव्हा ते लमेत्र यांनाच रुचलं नाही. धर्म आणि भौतिकशास्त्र त्यांना वेगळे ठेवायचे होते.

'बँग' म्हणजे नुसता दणका. त्यापेक्षा आपला 'स्फोट' मला सरस वाटतो. तो 'स्फुट्'चा, म्हणजे फुटण्याचा. आणि मराठीत फुटतं ते सगळं मोडत नाही. पालवी फुटते, पान्हा फुटतो, कंठ फुटतो, तांबडं फुटतं. 1380 कोटी वर्षांपूर्वी काही एका जागी फुटून तुकडे पोकळीत उडाले नाहीत, पोकळीच पसरू लागली. मुलांना बॉम्ब आठवला तर 'तांबडं फुटलं' म्हणून बघा.

पत्रकात 'नाताळच्या सुट्टीत' की 'नाताळाच्या'? मी पहिलंच लिहिलं असतं, बोलण्यात तेच आहे. खाली शुभेच्छा द्यायच्या तर 'नाताळच्या शुभेच्छा' द्या. 'मेरी ख्रिसमस' देवनागरीत लिहिलं की आनंदी कोण आणि येशूची आई कोण, हे कळायला मार्ग नसतो, आणि आपल्या सोलापुरात कुणीतरी 'मेरी' म्हणजे 'माझी' असंही वाचेल.