एक बाण चुकला म्हणून धनुष्यावरची साइट (नेम धरायचं साधन) फिरवू नका

तिरंदाजीत नवखे इथेच फसतात. आधी ६ बाण सोडा, मग टार्गेटवर बाणांचा झुबका कुठे जमतोय ते बघा. उजव्या हाताने दोरी ओढत असाल आणि झुबका डावीकडे असेल, तर सोडताना बोटं गालापासून बाहेर उडतायत. हात मानेला घासत मागे जायला हवा.

बाण खाली लागतायत? धनुष्याचा हात लवकर पडतोय. बाण टार्गेटला लागल्याचा आवाज येईपर्यंत तो हलवू नका. एवढं जमलं तरी खूप झालं, खरंच.

वर गेले, तर हनुवटीखाली टेकवलेला दोरीचा हात खाली सरकलाय किंवा तोंड उघडं राहतंय.

बाण चौफेर विखुरले, तर सरळ १० मीटरवर या. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला ५० मीटरवरून जगज्जेती झाली, पण ते अंतर अजून तुमचं नाही. स्टॅबिलायझरही (धनुष्य स्थिर ठेवणारा दांडा) नंतर.